उंदराच्या हृदयाच्या झडपांतले जन्मजात दोष शोधताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकच सेक्शन (हृदयाचा पातळ काप) बघून "महाधमनीच्या झडपेला दोनच पाकळ्या" असं लिहून मोकळं होणं. गर्भाचं हृदय केवढंसं, ब्लॉक (मेणात बसवलेलं हृदय) जरा तिरका बसला की तिसरी पाकळी त्या सेक्शनमध्ये येतच नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलीला पाच म्युटंटमध्ये (जीन बिघडवलेल्या गर्भांत) दोन पाकळ्या दिसल्या, सगळे खूश, जीन सापडला म्हणून, मग मी लिटरमेट कंट्रोल (त्याच वेतातले, जीन शाबूत असलेले गर्भ) मागितले तर त्यातल्या दोघांतही तेच. स्लाइड क्रमाने लावल्या, ७ मायक्रॉनचे सेक्शन, सहा सेक्शन पुढे गेलं तर तिसरी पाकळी समोर. पण तीन हृदयांच्या बाकीच्या रिबन (सलग कापांच्या पट्ट्या) लागणार नाहीत म्हणून टाकून दिलेल्या, त्यांचं काहीच सांगता आलं नाही. इतका राग आला होता! मी एकही सेक्शन टाकत नाही, प्रत्येक स्लाइडवर नंबर घालते आणि मोजणाऱ्याला जीनोटाइप (कोण म्युटंट, कोण कंट्रोल) सांगत नाही. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरी चूक, टाय२-क्री (रक्तवाहिन्यांच्या आणि हृदयाच्या अस्तरात ठरावीक जीन कापून काढणारं जनुकीय साधन) आईकडून आणणं. झडपेच्या बऱ्याच पेशी एंडोकार्डियमपासून (हृदयाच्या आतल्या अस्तरापासून) येतात म्हणून हा क्री सगळे वापरतात, पण मादीच्या बीजपेशींतही तो चालू होऊ शकतो, मग जीन अख्ख्या शरीरातूनच जातो आणि गर्भ मेला की खापर झडपेवर. क्री नराकडूनच आणा, आणि क्री-निगेटिव्ह पिल्लांच्या शेपटीवर डिलीशनचा पीसीआर (जीन कापला गेलाय का ते बघणारी डीएनए चाचणी) लावा. बँड आला तर ती जोडी बंद, "या वेळी चालवून घेऊ" नाही.

जन्मलेल्या पिल्लांत नॉकआउट (जीन पूर्ण काढलेलं पिल्लू) मिळत नाही म्हणून ब्रीडिंगला दोष देऊ नका, गर्भ बघा. एनफॅट-सी१ हा जीन नसेल तर महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या झडपाच नीट बनत नाहीत आणि गर्भ १४ व्या दिवसाच्या आसपास जातो, हे १९९८ पासून माहीत आहे. हॅस२ हा जीन नसेल तर कुशनच (ज्यापासून पुढे झडप घडते तो फुगवटा) बनत नाही, गर्भ १० व्या दिवसाच्या आसपासच संपतो.

चार गर्भ बघून "या जीनचा संबंध नाही" म्हणू नका. गाटा५ नॉकआउटमध्येही दोन पाकळ्यांची झडप साधारण चारातल्या एकालाच असते.

स्ट्रेन (उंदरांचा वाण) मधेच बदलू नका.

आणि प्लगच्या (मीलनानंतर मादीत दिसणाऱ्या गोळ्याच्या) तारखेवर भागवू नका, एकाच वेतातले गर्भ मागेपुढे असतात, १० व्या दिवसाच्या आसपास सोमाइट (गर्भाच्या पाठीतले ओळीने दिसणारे खंड) मोजूनच म्युटंट आणि कंट्रोलच्या जोड्या लावा.