15 मिनिटं म्हणजे 0.15 तास नव्हे

काळ-काम-वेगाचं सूत्र कोणालाच अडवत नाही. अंतर बरोबर वेग गुणिले वेळ, हे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. अडतं ते समीकरण मांडताना. आणि मांडणी चुकली की पुढे पानभर अवयव पाडत बसलात तरी हाती काही लागत नाही, वर आपल्याला गणित येतच नाही असं वाटायला लागतं. तसं नसतं. बहुतेक वेळा एकच ओळ चुकलेली असते.

म्हणून आधी तक्ता आखा. प्रत्येक प्रवासाची एक ओळ, रकाने तीन: अंतर, वेग, वेळ. पणजी ते फोंडा 30 किमी धरू. बसचा वेग ताशी 10 किमीने वाढला तर नेहमीपेक्षा 15 मिनिटं कमी लागतात, तर नेहमीचा वेग किती? अंतराच्या रकान्यात दोन्हीकडे 30. वेगाच्या रकान्यात x आणि x + 10. राहिला वेळेचा रकाना, तो सूत्राने भरा: 30/x आणि 30/(x + 10). एका रकान्यात दिलेली संख्या, दुसऱ्यात x, आणि समीकरण तिसऱ्या रकान्यातून. ही खूणगाठ बांधली की ‘कशाची बरोबरी कशाशी करू’ हा घोळ मिटतो.

आता सापळा. वेळेतला फरक 15 मिनिटं, म्हणून घाईत लिहिलं जातं:

30/x − 30/(x + 10) = 0.15

सोडवा. x² + 10x − 2000 = 0, म्हणजे (x + 50)(x − 40) = 0, आणि x = 40. किती स्वच्छ उत्तर! अवयव सुटसुटीत पडले, बसचा वेगही पटण्यासारखा, शंका घ्यायला जागाच नाही. आणि उत्तर साफ चूक. 0.15 तास म्हणजे 0.15 × 60, फक्त 9 मिनिटं. 15 मिनिटं म्हणजे 15/60, पाव तास. उजवीकडे 1/4 लिहा: x² + 10x − 1200 = 0, (x + 40)(x − 30) = 0, x = 30. तीच चूक 1 तास 20 मिनिटांना 1.20 लिहिताना होते. ते 4/3 तास आहेत. घड्याळ साठाचं आहे, दशांश चिन्ह शंभराच्या हिशोबाने चालतं. म्हणून या गणितांत मिनिटांचा दशांश करूच नका, 60 छेद देऊन अपूर्णांकच ठेवा. उजवीकडे नुसते 15 लिहिले तर वेग ताशी पावणेदोन किमीच्या आसपास येतो, ती चूक निदान डोळ्यांत खुपते. 0.15 ची चूक खुपत नाही, म्हणून ती जास्त घातक.

यावर इलाज ताळ्याचा, पण तो समीकरणात घालून नव्हे, मूळ वाक्यात घालून करायचा. चुकीच्या समीकरणात 40 चपखल बसणारच. वाक्यात घाला: ताशी 40 ने 45 मिनिटं, 50 ने 36. फरक 9. सापडली चूक.

दुसरी अडचण भाषेची. आपल्याकडे गोव्यात प्राथमिक शिक्षण मराठी-कोकणीतून झालेली बहुतेक मुलं पाचवीपासून इंग्रजीत गणित वाचतात. ‘फिफ्टीन मिनिट्स लेस दॅन द युज्वल टाइम’ वाचलं की नेहमीची वेळ T धरून हात आपोआप 15 − T लिहितो, कारण वाक्यात 15 आधी येतात. तेच मनात मराठीत म्हणा: नेहमीच्या वेळेपेक्षा 15 मिनिटं कमी. आधी नेहमीची वेळ, मग वजा 15. मराठी वाक्य लिहायचा क्रमच सांगतं. वरच्या उदाहरणात वजाबाकी उलटी झाली तर x² + 10x + 1200 = 0 येतं, विवेचक (b² − 4ac) ऋण, मुळंच नाहीत. असं झालं तर घाबरू नका, कागद फाडू नका. कोणती वेळ मोठी तेवढंच पाहा: हळू जाणाऱ्याची.

मागून निघून गाठण्याच्या गणितात x कोणाची वेळ, हे शब्दांत लिहूनच पुढे जा. मडगावहून 8 वाजता ताशी 36 किमीने बस, 10 मिनिटांनी त्याच वाटेने 48 ने मोटरसायकल. 36(x + 1/6) = 48x, x = अर्धा तास, पण तो मोटरसायकलचा. बस निघाल्यापासून किती वेळाने, असं विचारलं असेल तर उत्तर 40 मिनिटं.

ट्यूशनमध्ये सरासरी वेगाचं 2ab/(a + b) हे सूत्र (a, b म्हणजे दोन टप्प्यांतले वेग) पहिल्याच दिवशी हातात देतात, ते मला मुळीच पटत नाही. ते दोन्ही अंतरं सारखी असतील तेव्हाच चालतं, आणि ही अट पोरं महिन्याभरात विसरतात. एकूण अंतर भागिले एकूण वेळ कधीच दगा देत नाही. शिकवणारा निवडायचाच असेल तर तुम्हाला तक्ता भरू देऊन गप्प बसणारा निवडा.

होडीच्या गणितात होडीचा संथ पाण्यातला वेग ताशी x किमी आणि प्रवाहाचा 3 धरला, तर प्रवाहाबरोबर x + 3, विरुद्ध x − 3. 12 किमी जाऊन परत यायला एकूण 3 तास: 12/(x + 3) + 12/(x − 3) = 3, म्हणजे x² − 8x − 9 = 0. मुळं 9 आणि −1. वेग 3 पेक्षा जास्तच हवा, नाहीतर होडी प्रवाहाविरुद्ध सरकणारच नाही, म्हणून 9. रायबंदर-चोडण फेरीबोट मात्र या साच्यात घालू नका, ती प्रवाह आडवा कापते. आणि मांडवी नदीत भरतीचं पाणी आत शिरतं तेव्हा प्रवाहाची दिशाच उलटते, तेव्हा ‘समुद्राकडे’ असं वाचून डोळे झाकून अधिक चिन्ह देऊ नका. प्रवाह कुठे वाहतोय ते वाक्यात शोधा.