त्रासाला कंटाळून जॉब सोडला आणि बेरोजगार भत्ता नाकारला, तर हे करा

अमेरिकेत स्वतःहून राजीनामा दिला की अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम बऱ्याचदा पहिल्या फटक्यातच नाकारतात, पण प्लीज तिथेच सोडून देऊ नका. आधी नकाराच्या पत्रावरची तारीख बघा, अपीलची मुदत तिथूनच मोजतात, कॅलिफोर्नियात ३० दिवस मिळतात पण टेक्सासमध्ये फक्त १४. आणि अपील चालू असतानाही ठरल्या वेळी सर्टिफिकेशन (म्हणजे अजून काम मिळालेलं नाही, शोधतोय असं कळवणारा फॉर्म) भरत राहा, नाहीतर केस जिंकूनही मधल्या आठवड्यांचे पैसे अडकतात.

सुनावणी बरेचदा फोनवरच होते. तिथे "बॉस फार त्रास द्यायचा" एवढ्यावर भागत नाही, सोडण्यामागे सबळ कारण होतं हे तुम्हालाच दाखवावं लागतं, म्हणजे कुठल्या तारखेला काय बोलले, कोणासमोर बोलले, तुम्ही एचआरला मेल कधी टाकला आणि त्यावर त्यांनी काय केलं (किंवा काहीच केलं नाही). राजीनाम्याआधी तक्रार केलेली असेल तर केसला खरंच खूप जोर येतो. ते मेल, मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट सुनावणीच्या आधीच पाठवून द्या. जे घडलं ते स्वतः पाहिलेला एखादा सहकारी फोनवर बोलायला तयार असेल तर फारच उत्तम. वकील परवडत नसेल तर आपल्या भागातल्या लीगल एडला (फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला) विचारा, बिचकू नका.