टेकू शोधायची नजर: आधाराचे फोटो काढायला लागलेल्यांसाठी

आधार हा विषय घेऊन फोटो काढायचे म्हटलं की नवीन मंडळी बहुतेक वेळा आधी हातांच्या मागे लागतात, आजीचा सुरकुतलेला हात आणि त्यात नातवाची बोटं, नाहीतर मग सूर्यास्ताला खांद्यावर डोकं ठेवून बसलेली जोडी. असे फोटो गोड दिसतात पण कुणीही काढले तरी सारखेच दिसतात, आणि मला वाटतं त्याचं कारण म्हणजे त्यात वजन दिसत नाही. टेकणं म्हणजे कुणाचं तरी वजन दुसऱ्या कशावर तरी जातंय. ते कुठून निघालं, कुठे उतरलं आणि ज्याच्यावर उतरलं तो ते कसं पेलतोय, एवढं फ्रेममध्ये आलं तर चेहरे नसले तरी चालतं. मी नोकरी सांभाळून बरीच वर्षं हा एकच विषय धरून फोटो काढतेय, झाडं, माणसं, देवळं, पक्षी, सगळीकडे, आणि त्यातनं जे हाताला लागलं ते नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय.

पहिली सवय म्हणजे टेकणाऱ्याकडे नंतर बघायचं, आधी ज्याच्यावर टेकलंय त्याच्याकडे. एसटी स्टँडवर आईच्या खांद्यावर पोरगं झोपलेलं असतं तेव्हा सगळे पोराचा फोटो काढतात, पण नीट बघा, आईचा तो खांदा थोडा वर उचललेला असतो, मान दुसऱ्या बाजूला कललेली असते, एक पाय पुढे टाकून ती उभी असते, म्हणजे पोराचं वजन तिच्या अख्ख्या अंगातून खाली जमिनीपर्यंत गेलेलं असतं. तो फोटो पायांपर्यंत घ्या. डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफरने १९३६ साली कॅलिफोर्नियात मटार तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला होता, तुम्ही कुठेतरी पाहिला असेलच, त्यात दोन मुलं आईच्या दोन खांद्यांवर टेकलीयत आणि दोघांची तोंडं मागे वळलेली आहेत, ठळक दिसतो तो आईचा चेहरा. टेकणाऱ्याचा चेहरा नाही तरी ओझं किती आहे ते कळतं. तो फोटो मोठा करून निवांत बघा, अर्धा तास गेला तरी चालेल.

आता कॅमेऱ्याचं. मोबाईल पुरतो, खरंच पुरतो, कॅमेरा असेल तर ५० एमएमची साधी लेन्स भरपूर झाली. पण एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कॅमेरा सरळ धरा. या विषयात तिरका फोटो स्टायलिश वगैरे अजिबात दिसत नाही, कारण एखादी गोष्ट कललीय हे आपल्याला कळतं ते शेजारी काहीतरी सरळ उभं असतं म्हणून, दाराची चौकट, विजेचा खांब, भिंतीचा कोपरा, पाण्याची रेषा. कॅमेराच कलला की कललेला माणूस सरळ होतो आणि घर पडायला आल्यासारखं दिसतं. मोबाईलमध्ये ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा, चालू करून ठेवा ती कायमची. दुसरं म्हणजे मोबाईलची वाइड लेन्स कडेच्या वस्तू ताणते, आणि फोन वरच्या दिशेने तिरका केला की भिंती आत झुकल्यासारख्या येतात, म्हणजे तुम्हाला जे कलणं दाखवायचंय त्यात लेन्सने केलेलं खोटं कलणं मिसळतं. त्यापेक्षा दोन पावलं मागे जा, मेन लेन्स किंवा दोन एक्स झूम वापरा आणि गुडघ्यावर बसून फोन विषयाच्या मध्यावर येईल एवढ्या उंचीला धरा.

मागचं ब्लर करायचा मोह सगळ्यांना असतो, पण जवळून एफ १.८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका लहान तितकं मागचं धूसर) काढलं तर टेकणारा शार्प येतो आणि आधार देणारा धूसर, म्हणजे अर्धी गोष्ट गेलीच. एफ ४ ते एफ ५.६ ठेवा आणि फोकस बरोबर जिथे दोघं एकमेकांना लागतात तिथे द्या. दोघांच्या मध्ये कुठे फट असेल, कोपर आणि कमरेतली म्हणा किंवा वेल आणि खोडातली, त्या फटीतून मागचा उजेड दिसेल अशा जागी उभे राहा. ती फट काळी झाली की दोघं मिळून एक गोळा दिसतो.

सराव कुठे करायचा तर वेलांवर. ते हलत नाहीत, लाजत नाहीत, परवानगी मागायला लागत नाही. कारलं, दोडका, काकडी, पावसाळ्यात कुठल्याही परसात एक तरी वेल मिळतोच. त्यांचे जे बारीक ताणे असतात ते आधी सरळ बाहेर येऊन हवेत चाचपडत फिरतात, कशाला तरी लागले की त्याला विळखा घालतात आणि मग मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळून वेलाला जवळ ओढून घेतात. आणि गंमत बघा, दोन्ही टोकं पक्की झाल्यावर जे वळसे पडतात ते अर्धे एका दिशेने आणि अर्धे उलट दिशेने, मध्ये एक छोटा सरळ तुकडा असतो जिथे दिशा बदलते. पीळ एकाच दिशेने बसला असता तर ताण्याचं एक टोक फिरावं लागलं असतं आणि ते तर अडकलेलं असतं, म्हणून उलटसुलट. त्या बदलाच्या जागेवर फोकस देऊन काढलेला फोटो मला अजूनही आवडतो. सकाळी आठच्या आत जा, वारा कमी असतो, तरी शटर १/२५० च्या (म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या) खाली नको, आणि कॅमेऱ्याने काढताना एफ ८ ते ११ लागतं कारण इतक्या जवळून काही मिलिमीटरच शार्प येतं. मागे हिरवं दाट असेल तर कॅमेरा फोटो उगीच उजळ करतो, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं मायनसला घ्या.

यापुढची पायरी म्हणजे शेतातले टेकू. नारायणगावकडे टोमॅटोची बांबू, तार आणि सुतळीची बांधणी बघा, जळगावकडे घड लागलेल्या केळीला दिलेले बांबूचे टेकू बघा. पण माझा सगळ्यात लाडका म्हणजे पानमळा. मिरज तालुक्यात बेडग, नरवाड या बाजूला अजून पानमळे आहेत. तिथे शेवरी, शेवगा, पांगारा अशी झाडं लावतात ती नुसती खायच्या पानाच्या वेलीला चढायला आणि सावलीला, वेल जशी वर जाते तशी ती झाडाला बांधत जातात, आणि पार वर पोचली की उतरण करतात, म्हणजे वेल खाली घेऊन तिचा खालचा भाग मातीत पुरतात आणि तीच वेल परत नव्याने चढायला लागते. म्हणजे आधारावर चढणं, उतरणं आणि पुन्हा चढणं हे तिथे शेतीचं कामच आहे, आणि ते करणाऱ्या माणसांच्या बोटांना ते इतकं सवयीचं असतं की फोटो आपोआप मिळत जातात. आत उजेड हिरवा आणि मंद असतो, आयएसओ (कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवायची सेटिंग) ८०० ते १६०० लागतो, आणि माणसांच्या चेहऱ्यावर हिरवी झाक येते ती व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे रंगांची झाक ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, थोडीच काढा, पूर्ण काढली तर पानमळा पानमळा वाटत नाही. आणि हो, मळ्यात चप्पल घालून जाऊ देत नाहीत बऱ्याच ठिकाणी, आधी विचारा.

वडाबद्दल तर बोलावंच लागेल. कोलकात्याच्या पलीकडे हावड्याला शिवपूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये एक प्रचंड वड आहे, त्याच्या मूळ खोडाला बुरशी लागली म्हणून ते १९२५ साली कापून काढलं, आणि तरी तो वड आज उभा आहे, नुसत्या पारंब्यांवर, त्या तीन हजारांच्या वर आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की आपल्या गावच्या पारावरचा वडसुद्धा वेगळा दिसायला लागतो. जमिनीपर्यंत न पोचलेली पारंबी झाडावर लोंबकळत असते, म्हणजे तिचं वजन झाड पेलतंय, आणि तीच जमिनीला लागली, रुजली, जाड झाली की खांब होऊन फांदीचं वजन पेलायला लागते. दोन्ही एका फ्रेममध्ये मिळतील अशी जागा शोधा, लांबून अख्खं झाड काढण्यापेक्षा आत शिरा. पावसाळी ढगाळ दिवस उत्तम, उन्हात पानांचे कवडसे सगळा घोळ घालतात.

माणसांकडे यायचं तर वारीसारखी शाळा नाही. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाते तेव्हा दिवे घाट चढायचा असतो, तिथे सगळे वरून घाटाचा नागमोडी फोटो काढायला धावतात, तुम्ही खाली थांबा आणि विसाव्याच्या जागा बघा. पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघी, गाठोड्यावर कोपर, गाठोडं दुसऱ्याच्या मांडीवर, कुणाचे पाय कुणीतरी चेपतंय, एकेका झाडाखाली पाच-सहा प्रकारचं टेकणं असतं. पांढरे कपडे खूप असले की कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर प्लस ०.७ च्या आसपास न्या. आणि फुगडी! फुगडीत दोघींची पावलं जवळजवळ चिकटलेली असतात आणि अंगं मागे झोकलेली, म्हणजे एकीने हात सोडला तर दोघीही पडणार, दोघी एकाच वेळी टेकणाऱ्या आणि पेलणाऱ्या. एवढं सुंदर दुसरं काही मला या विषयात सापडलेलं नाही. पण बहुतेक फोटोंत पाय कापलेले असतात आणि हसणारे चेहरे तेवढे येतात. पाय घ्या. खाली बसा, १/५०० ला काढा म्हणजे पदर आणि हाताची पकड गोठते, मग मनासारखं मिळालं की १/३० वर या आणि फिरणं घ्या, मध्यभागी धरलेले हात त्यातल्या त्यात स्थिर येतात आणि बाकी सगळं गरगरतं.

मुंबई-ठाण्याकडचे असाल तर दहीहंडीच्या दिवशी न जाता सरावाला जा. गोविंदा पथकं गुरुपौर्णिमेपासून सराव धरतात, संध्याकाळी चाळीच्या पटांगणात किंवा शाळेच्या मैदानात, गर्दी नसते आणि पाण्याचा मारा नसतो. वरच्या थराला कॅमेरे भरपूर असतात, तुम्ही तळाचा थर धरा, एकमेकांच्या खांद्यात रुतलेले हात, खाली घातलेली डोकी, पोटऱ्या. उजेड कमी, म्हणून आयएसओ ३२०० आणि १/२५०, ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आला तर येऊ दे. आणि थर लागत असताना फ्लॅश कधीही मारू नका, वर चढणाऱ्याच्या डोळ्यावर आला तर माणूस पडू शकतो.

दगडाचे आधार हा स्वतंत्र मोठा विषय आहे, थोडक्यातच सांगते. वेरूळच्या कैलास लेण्याला पायाशी हत्तींची रांग आहे, अख्खं मंदिर त्यांच्या पाठीवर आहे असं कोरलंय. जुन्या देवळांत खांबाच्या माथ्यावर तुळई डोक्यावर घेतलेले कीचक असतात, बटू, पोट सुटलेले, काहींच्या चेहऱ्यावर ओझं दिसतं आणि काही मजेत असतात, एकेकाचा वेगळा फोटो घ्या. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती चार खांब होते त्यातला एकच शाबूत आहे, लोक त्यावर चार युगांची गोष्ट सांगतात. तिथे वाइडशिवाय चारही जागा एका फ्रेममध्ये बसत नाहीत, आणि तुटलेल्या तीन खांबांचे उरलेले भाग फ्रेममध्ये नसतील तर उरलेल्या एकाला काही अर्थ येत नाही. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, तेव्हा कठड्यावर कोपर टेकवून श्वास रोखून काढायची सवय करा.

पक्ष्यांमध्ये वेडे राघू. थंडीत ते तारेवर किंवा फांदीवर एकमेकांना घट्ट चिकटून झोपतात आणि सूर्य वर आला तरी लवकर उठत नाहीत, त्यामुळे सकाळची मऊ उन्हं आणि चिकटलेली ओळ असं दोन्ही मिळतं. पिंगळ्यांची जोडीसुद्धा जुन्या आंब्याच्या नाहीतर वडाच्या ढोलीशी अंगाला अंग लावून बसते. पिंगळा तुमच्याकडे बघत डोकं खालीवर करायला लागला की समजा तुम्ही फार जवळ गेलात, मागे फिरा. आणि घरट्याचे फोटो नकोतच, कितीही चांगले आले तरी.

माणसांच्या बाबतीतही अशी एक रेघ मी स्वतःसाठी आखलीय आणि ती तुम्हीही आखा. दवाखान्याच्या बाहेर, अपघाताच्या जागी, मयताच्या घरी कुणी कुणाच्या गळ्यात पडून रडत असतं, तो या विषयातला सगळ्यात खरा क्षण असतो, आणि तो काढायचा नाही. बाकी ठिकाणी शक्यतो आधी बोला, पाच मिनिटं बसा, लोक सवयीने परत टेकतातच. न विचारता काढला असेल तर लगेच दाखवा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा. आणि प्रिंट देईन म्हणालात तर द्या, चार बाय सहाचा प्रिंट स्वस्त पडतो, पुढच्या वेळी त्या गावात तुम्हाला परकं कुणी समजत नाही.

बरेच फोटो जमले की स्क्रीनवर निवडू नका, छोटे प्रिंट काढून जमिनीवर पसरा आणि प्रत्येकावर बोट ठेवून स्वतःला विचारा, वजन कुठून कुठे जातंय? बोट फिरवता येत नसेल तो फोटो बाजूला, भले रंग कितीही छान असोत. वेलीच्या शेजारी काठीवाले आजोबा अशा जोड्या लावायचा मोह होतो, तो टाळा, बघणाऱ्याला स्वतःहून जोडता येऊ दे. प्रदर्शनाला किंवा स्पर्धेला पाठवायचे असतील तर बारा-पंधराच्या वर नकोत आणि त्यात माणसं निम्म्याहून कमी ठेवा. कॅप्शनमध्ये माया, जिव्हाळा, नातं असलं काही लिहू नका, काय कशावर टेकलंय, कुठे आणि कुठल्या महिन्यात एवढंच लिहा, म्हणजे शेवरीवर पानवेल, उतरणीच्या आधी, बेडग.