‘आय ॲम वेअरिंग माय शर्ट’ म्हणण्याआधी थांबा: कपड्यांच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

‘घालणे’ला इंग्रजीत काय म्हणतात, असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ‘वेअर’ म्हणतो. माझं दुखणं तिथूनच सुरू होतं.

नवी पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी बोलण्याचं इंग्रजी शिकवते. खाली स्पर्धा परीक्षेची मुलं नोट्सचे गठ्ठे छापून घेत असतात. वर माझ्याकडे कुणी मुलाखतीसाठी येतं, कुणी परदेशी क्लायंटसाठी, आणि दोन आजी अमेरिकेतल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून येतात. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. कपड्यांच्या तीन-चार क्रियापदांवर माझा जेवढा खडू झिजलाय, तेवढा काळावरसुद्धा झिजलेला नाही. तरी दर बॅचला कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, याची एक शॉर्टकट ट्रिक सांगा ना.’ ट्रिक नाही. सवय आहे, ती सांगते.

घालतोय की घातलाय?

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच.

माझा एक विद्यार्थी हिंजवडीत नोकरीला होता. त्या वर्षी सगळ्यांचंच काम घरून चाललं होतं, हा कोथरूडच्या खोलीतून करायचा. एके दिवशी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच तिकडच्या साहेबाचा व्हिडिओ कॉल आला. साहेब अस्सल इंग्रज. म्हणाला, कॅमेरा चालू कर. हा बनियनवर! कॅमेरा बंदच ठेवून हा अदबीने म्हणाला, ‘वन मिनिट सर, आय ॲम वेअरिंग माय शर्ट.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग साहेब म्हणाला, ‘आय शुड होप सो.’ तशी आशा आहे बुवा! याला वाटलं, साहेबाने मिनिटभर दिलं. त्याने सावकाश शर्ट चढवला, कॅमेरा लावला, आणि सगळी टीम का हसतेय हे त्याला कळेना. संध्याकाळी माझ्याकडे येऊन विचारतो, ‘मॅडम, ग्रामर तर बरोबर होतं ना?’

ग्रामर बरोबरच होतं. चुकला तो अर्थ. साहेबाच्या कानावर पडलं ते असं: ‘एक मिनिट थांबा, माझ्या अंगात शर्ट आहे.’ अंगात आहे, तर मग थांबायचं कशासाठी?

गोची अशी की शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं, ‘आयएनजी म्हणजे तोय, तेय’. खातोय म्हणजे ईटिंग, जातोय म्हणजे गोइंग. मग घालतोय म्हणजे वेअरिंग, हे ओघानेच आलं. पण मराठीत ‘घालतोय’ म्हणजे हात अजून बाहीत चाललाय, बटणं लागायची आहेत. ‘घातलाय’ म्हणजे काम झालं, शर्ट अंगावर आहे. इंग्रजीतलं ‘वेअरिंग’ हे आपलं ‘घातलाय’ आहे. ‘घालतोय’साठी त्यांच्याकडे ‘पुटिंग ऑन’ आहे.

हे फक्त कपड्यांपुरतं नाही. ‘आजोबा पारावर बसलेत’ याचं इंग्रजी ‘सिटिंग’ होतं. तिथे ‘बसतायत’ म्हटलं तर आजोबा गुडघ्यावर हात टेकून अजून खाली जातायत असं चित्र उभं राहील. ‘बाळ झोपलंय’ म्हणजे ‘स्लीपिंग’. जिथे आपण ‘लाय, लीय, लेत’ म्हणतो, तिथे इंग्रजी बऱ्याचदा आयएनजी लावतं. एवढं एक डोक्यात बसलं तर वेअरच काय, आणखी पाच-सहा क्रियापदं आपोआप रुळावर येतात. पण पोरांना धीर नसतो. त्यांना वहीत डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असा तक्ता हवा असतो. तक्ता पाठ होतो, आणि साहेबाचा फोन आला की ऐन वेळी तक्त्याचं पान सापडत नाही.

मी स्वतः एक प्रश्न लावून घेतलाय: अंगावर आहे का? तोंडून ‘वेअरिंग’ निघायच्या आधी मनात विचारायचं. असेल तर वेअरिंग, चढवणं चालू असेल तर पुटिंग ऑन. रोजच्या सवयीसाठी साधं वेअर: ‘मी चष्मा वापरते’ हे ‘आय वेअर ग्लासेस’. उद्याच्या लग्नात काय घालणार, हे मात्र ‘व्हॉट आर यू वेअरिंग टुमॉरो’. कारण तिथे कपडा अंगात शिरण्याचा क्षण कुणी विचारत नाहीये, दिवसभर अंगावर काय असणार ते विचारतंय. प्रश्न पुन्हा तोच लागू पडतो.

या प्रश्नासाठी पुण्यात हेल्मेटइतकं चांगलं उदाहरण नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याचं १२९ वं कलम दुचाकीस्वाराने ‘पुट ऑन’ करावं असं म्हणत नाही, ‘वेअर’ म्हणतं. शिवाय हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बसवलेलं असावं, हेही तिथेच स्पष्ट केलंय. चौकात मामा दिसल्यावर आपण आरशावरून काढून डोक्यावर ठेवतो ते पुट ऑन. चौक ओलांडल्यावर पुन्हा आरशावर जातं, तिथे वेअर संपलं. एका बॅचला मी हे उदाहरण दिलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, हाफ हेल्मेटला हाफ वेअर म्हणायचं का?’ असो.

सगळ्यांना एकच शब्द

इथे चूक उलट दिशेने होते. आपल्याकडे साडी नेसतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, घड्याळ बांधतात, चष्मा आणि टिकली लावतात, शाल पांघरतात. इंग्रजीत या सगळ्याला ‘वेअर’ चालतं. पण आपल्या पोरांना एवढी सवलत पचत नाही. ‘आय टाइड माय वॉच’, ‘शी अप्लाइड स्पेक्स’, आणि एकदा तर ‘माय आँट फिल्ड बँगल्स’. मावशीने बांगड्या कशात भरल्या, पिशवीत? अत्तर, लिपस्टिक, सीटबेल्ट, श्रवणयंत्र, अगदी दाढी आणि चेहऱ्यावरचं हसूसुद्धा इंग्रजीत वेअर करतात. आळशी माणसाचं फावावं असं हे एकच ठिकाण आहे, आणि नेमके इथेच सगळे मेहनत करतात.

छत्री आणि पर्स मात्र वेअरमध्ये बसत नाहीत, त्यांना कॅरी.

नेसण्याची कृती सांगायची असेल तर ‘ड्रेप’ हा शब्द आहे. नऊवारी कशी नेसायची हे एखाद्या परदेशी सुनेला समजावताना तोच उपयोगी पडतो. ढोलपथकातल्या एका मुलाने विसर्जन मिरवणुकीवर निबंध लिहिला होता, ‘आय टाइड फेटा’. मी विचारलं, तू फेटे बांधतोस? नाही म्हणाला, पथकातले काका बांधतात. मग तू वोर, काकांनी टाय केला. मराठीत दोघंही ‘फेटा बांधला’ म्हणतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून हा घोळ.

चपला पुढे ढकलू नका

दुसरी लाडकी चूक. घालणे जर ‘पुट ऑन’, तर काढणे ‘पुट ऑफ’, हे कुणालाही सुचेल. सुचतंच. आणि ते चूक आहे. काढणे म्हणजे ‘टेक ऑफ’. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे: परीक्षा, लग्न, दंतवैद्याची वेळ.

आमच्या घराजवळच्या एका सोसायटीच्या हॉलबाहेर एक पाटी आहे. सुबक, पितळी, पेंटरकडून नव्हे तर चांगली कोरून घेतलेली: ‘काइंडली पुट ऑफ युअर फूटवेअर हिअर’. आपली पादत्राणे कृपया येथे पुढे ढकलावीत. मी दोन वर्षं तिच्यासमोरून जात होते आणि दोन वर्षं दाताखाली खडा आल्यासारखं होत होतं. शेवटी एका कार्यक्रमाला तिथल्या सेक्रेटरी काकांना गाठलं. म्हटलं, काका, तो एक शब्द बदला, ‘टेक’ करा, मी हवं तर मजकूर लिहून देते. काकांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग खाली लावलेल्या चपलांच्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ‘चपला निघतायत ना?’

निघत होत्या. एकूण एक. माझीसुद्धा निघालेली होती.

मी काय बोलणार? पण तुम्हाला सांगते, मुलाखतीला त्या पाटीचं इंग्रजी चालत नाही. एका मुलीला विचारलं होतं, कामाचा ताण कसा हाताळता. तिला सांगायचं होतं की घरी गेल्यावर मी ऑफिसचे बूट काढते तसा ताणही काढून ठेवते. कल्पना किती छान! बोलली मात्र ‘पुट ऑफ’. समोरच्याने लिहून घेतलं असेल, उमेदवार ताण उद्यावर ढकलते.

‘काढणे’ हा शब्द तसाही घातकी. मेंदी काढणे आणि बूट काढणे आपल्याला एकच. त्यामुळे ‘आय रिमूव्ह्ड मेहंदी ऑन बोथ हँड्स’ असं वाक्य वर्षातून एकदा तरी, लग्नसराईत, हमखास येतं.

‘ड्रेस’ म्हणजे पंजाबी ड्रेस नव्हे

तुळशीबागेत ‘ड्रेस’ मागितला की ओढणीसकट काय ते समोर येतं. तिथे ते बरोबरच आहे. पण इंग्रजीत ड्रेस हे क्रियापदही आहे, आणि त्याचं पोट फार मोठं आहे. दवाखान्यात जखमेचं ड्रेसिंग होतं. कोंबडी ड्रेस्ड मिळते, म्हणजे साफ करून. बांधकामावर दगड ड्रेस करतात, म्हणजे घडवून कडा सरळ करतात. सॅलडवर ड्रेसिंग असतं. नवशिका म्हणतो, इंग्रजी भाषाच वेडी. वेडी नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ सरळ करणे, नीट मांडणे, तयार करणे. त्याच्याही मागे लॅटिनमधला तो शब्द आहे, ज्यातून ‘डायरेक्ट’ आला. नीटनेटकं करून तयार ठेवायचं, मग ती जखम असो, कोंबडी असो की माणूस.

एनसीसी केलेल्यांना हे पटकन कळतं. परेडला रांग सरळ करायला इंग्रजीत ‘राइट ड्रेस’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘दाहिने सज’. ज्याने कुणी तो ‘सज’ शोधून काढला, त्याला माझा नमस्कार. सजणे आणि रांगेत सरळ होणे, दोन्ही त्यात आलं.

मला खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. ‘माझी दिनचर्या’ सांगताना दर तिसरा माणूस म्हणतो, ‘देन आय टेक बाथ अँड ड्रेस अप’. रोज सकाळी? पीएमटीने ऑफिसला जायला? ‘ड्रेस अप’ म्हणजे नटणे, ठेवणीतलं बाहेर काढणे. रोजचं असतं ते ‘गेट ड्रेस्ड’. आई सकाळी बाथरूमच्या दारावर थाप मारून ‘आवरलं का?’ विचारते ना, त्यातलं कपड्यांपुरतं आवरणं म्हणजे गेट ड्रेस्ड. ‘ड्रेस डाउन’ म्हणजे मुद्दाम साधं राहणे. पण साहेबाने तुम्हाला ‘ड्रेसिंग डाउन’ दिलं, तर ती खरडपट्टी, कपड्यांचा संबंध नाही.

आणि ‘ड्रेस्ड’नंतर ‘इन’ येतं, ‘विथ’ नव्हे. पांढऱ्या टोपीतले गृहस्थ म्हणतो तसं.

उरलेली किरकोळ

‘वेअर्ड’ असा भूतकाळ नाही. वेअर, वोर, वोर्न. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा भूतकाळ साध्या ‘ड’नेच व्हायचा. चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘बेअर, बोर’ आणि ‘टेअर, टोर’ यांच्या संगतीने तो ‘वोर’ झाला. तुम्ही सहाशे वर्षं उशिरा आलात.

‘वोर्न’ आणि ताकीद देण्याचं ‘वॉर्न’ यांचा ब्रिटिश उच्चार एकच. ईमेलमध्ये स्पेलिंग बघून लिहा.

‘डॉन’ हे ‘डू ऑन’चं आखूड रूप, अर्थ परिधान करणे. मोबाइलवर समानार्थी शब्द शोधून ‘आय डॉन्ड माय जर्किन’ म्हणणाऱ्याला मी फक्त विचारते, तू मित्राला ‘मी जर्किन परिधान केलं’ असं सांगतोस का?

यजमानीणबाईंच्या पैठणीला ‘वेल वोर्न’ म्हणू नका. तुमच्या मनात ‘छान नेसलीय’ असतं, त्यांना ऐकू येतं ‘वापरून वापरून जीर्ण झालीय’. कारण सतत अंगावर राहून कपडा विरतो, त्यातूनच वेअरला झिजण्याचा अर्थ आला. माझा वरचा खडूही त्याच वेअरने झिजला. बूट झिजले, माणूस थकला, तर ‘वेअर आउट’. दातदुखीच्या गोळीचा असर उतरला, तर ‘वेअर ऑफ’. यांची अदलाबदल करू नका, गोळी थकत नाही.

भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारात ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रोजच्या वापराने होणारी झीज. ती घरमालकाने सोसायची असते. तिथे ‘टेअर’ म्हणा, ‘टिअर’ नव्हे. टिअर म्हणजे अश्रू. ते डिपॉझिट परत मागायला गेल्यावर येतात.