जुनी ॲक्टिव्हा ओढत नाही आणि ॲव्हरेजही देत नाही? कार्बोरेटर उघडायच्या आधी हे बघा

सेकंडहँड स्कूटर घेतली की महिन्याभरात तक्रार ठरलेली, पेट्रोल पिते आणि चढाला दम टाकते. गॅरेजला नेली की पहिलं वाक्य, "कार्बोरेटर साफ करावा लागेल". करा की, पण शेवटी, कारण त्याआधी फुकटात होणारं बरंच काही आहे. हे २०२० च्या आधीच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांबद्दल बोलतोय, बीएस-६ मध्ये कार्बोरेटर नसतोच, तिथे इंजिनचा दिवा पेटत असेल तर सरळ स्कॅनरवाल्याकडे जा.

आधी ॲव्हरेज नीट मोजा. काट्यावर जाऊ नका, टाकी फुल करा, दीडेकशे किमी रोजच्यासारखी चालवा, त्याच पंपावर परत फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. सिग्नलच्या गर्दीत ४०-४५ देत असेल तर गाडी ठीक आहे, आधीच्या मालकाने ६० सांगितलं होतं ते विसरा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यात ताकद कमी, त्यामुळे थोडं ॲव्हरेज तिथेच जातं. पण पस्तिशीच्याही खाली आलं असेल तर गाडीतच काहीतरी आहे.

आता मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद, मागचं चाक हाताने फिरवा. घासल्याचा आवाज येत असेल किंवा लगेच अडत असेल तर ब्रेक टाइट आहे, मागच्या ब्रेकच्या तारेचा ॲडजस्टिंग नट थोडा ढिला करा, चाकाचा नाही. पुढचं चाकही तसंच बघा. हवा मॅन्युअलमध्ये दिली तेवढीच, आणि टायर थंड असताना. पंक्चरवाला दोन्ही चाकांत सारखीच भरून मोकळा होतो, त्याला पुढची-मागची वेगळी सांगा. चोकचा खटका पूर्ण परत जातोय का तेही बघा, अर्धवट अडकला की गाडी पेट्रोल ढोसते.

खरा प्रश्न असा, की गाडी ओढत नाही म्हणजे नक्की काय होतंय? रेस दिल्यावर इंजिन जोरात ओरडतं पण गाडी त्या मानाने पळत नाही, तर दोष बहुतेक बेल्टच्या बाजूला आहे. आणि इंजिनच वर जात नाही, गुदमरतं, गचके खातं, तर हवा, पेट्रोल किंवा प्लग.

बेल्टच्या बाजूचं आधी सांगतो कारण हे कोणी बघतच नाही. डाव्या बाजूचं कव्हर काढलं की बेल्ट, पुढे व्हेरिएटरमध्ये, म्हणजे गिअरचं काम करणाऱ्या पुढच्या पुलीत, सहा रोलर आणि मागे क्लच. रोलर हातात घेऊन फिरवून बघा, एका बाजूने चपटे झाले असतील तर सहाच्या सहा बदला, एकदोन नाही. बेल्ट मागे वाकवून भेगा बघा. झिजून अरुंद झालेला बेल्ट पुलीच्या कडेपर्यंत चढत नाही, मग टॉप स्पीड मिळत नाही. खात्री करायची तर पुढच्या पुलीवर मार्करने आतून बाहेर रेघ मारा, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेस देऊन या, कुठपर्यंत पुसली गेली ते बघा, बेल्ट तिथपर्यंतच जातोय. रोलर काढायला पुलीचा नट उघडताना पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका, पाती तुटतात, होल्डर नसेल तर गॅरेजमधून गनने उघडून घ्या. आणि बेल्टला ग्रीस-ऑइलचा हात लावू नका.

इंजिन गुदमरत असेल तर एअर फिल्टर. यात तेलकट कागदी फिल्टर असतो, तो हवा मारून साफ होत नाही, काळा झाला की नवीनच टाका, बरेच जण फुंकून परत बसवतात आणि मग म्हणतात फरक नाही पडला. प्लग काढून टोक बघा: फिकट तपकिरी असेल तर मस्त, काजळीसारखा कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढराफटक म्हणजे हवा जास्त, इनटेकचं रबर कुठे तडकलंय का बघा. तेलकट ओला असेल तर ते वेगळं दुखणं, खाली येतो त्यावर.

एवढं करून भागलं नाही तर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट नीट करणं) आणि मग कार्बोरेटर. साफ करून घेताना जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, तारेने खरवडू देऊ नका, भोक मोठं होतं आणि पेट्रोल आणखी जातं. इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३० एमबी (हा स्कूटरचा ग्रेड), बाइकचं एमए ग्रेडचं चालेल म्हणून ओतू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत टाकी फुल करून मोजा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

सायलेन्सरमधून निळा धूर, प्लग तेलकट आणि ऑइल कमी होतंय, हे तिन्ही दिसलं तर पिस्टनच्या रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलेत. तेव्हा फिल्टर-रोलरवर पैसे घालवायच्या आधी कॉम्प्रेशन चेक करून घ्या आणि बोअरच्या (सिलिंडरच्या) कामाचा खर्च विचारा.