चुकलेल्या कक्षेतून आइनस्टाइन तपासायचा तर

ऑगस्ट 2014 मध्ये युरोपच्या गॅलिलिओ या जीपीएससारख्या दिशादर्शन यंत्रणेचे 5 आणि 6 क्रमांकाचे उपग्रह भलत्याच लांबट कक्षेत पडले. पुढे कक्षा थोडी सुधारली, तरी दर फेरीत उंची सुमारे 8,500 किलोमीटरने खालीवर होतेच. हे आपल्या पथ्यावरच पडलं. आइनस्टाइन म्हणतो तसं गुरुत्वाकर्षण घड्याळाची गती सगळीकडे एकाच नियमाने बदलतं का, हे तपासायला आयतं हायड्रोजन मेसर, म्हणजे अतिशय नेमकं अणुघड्याळ, फिरतंय.

माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी आयजीएसच्या (दिशादर्शन उपग्रहांची मोजमापं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवेच्या) फुकट मिळणाऱ्या कक्षा आणि घड्याळाच्या फायली उतरवायला लावते. ई14 आणि ई18 (याच दोन उपग्रहांचे संकेतांक) एवढेच ठेवा. मग स्थान आणि वेग यांचा अदिश गुणाकार करा, दुप्पट करा, प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा. जवळजवळ 13 तासांच्या फेरीत घड्याळ मागेपुढे होण्याची साडेतीनशे-चारशे नॅनोसेकंदांची लाट दिसेल; तिचा निम्मा भाग गुरुत्वाकर्षणाचा, निम्मा वेगाचा. (पृथ्वीसोबत फिरणारे निर्देशांक इथे चालतात, परिवलनाचा भाग या गुणाकारात शून्यच होतो.)

इथेच बहुतेक जण फसतात: फायलीतल्या घड्याळातून ही लाट आधीच वजा केलेली असते. म्हणून रोजचा सरळ रेषेतला कल काढा आणि उरलेल्या आकड्यांत त्याच आकाराचं काही सापडतं का बघा. सापडलेलं भागिले लाटेतला गुरुत्वाकर्षणाचा निम्मा भाग, हाच नियमभंगाचा आकडा.

तो मोठा आला तर हुरळू नका. सूर्यप्रकाशाचा दाब कक्षेत चूक घालतो आणि ती घड्याळाच्या माथी येते. लेझरने मोजलेल्या अंतरांशी कक्षा ताडून पाहा. पॅरिस आणि ब्रेमेनच्या गटांनीही लेझर मोजमापांचा आधार घेतला. 2018 मध्ये त्यांनी 1976 च्या ग्रॅव्हिटी प्रोब-ए या रॉकेटमधून घड्याळ पाठवून केलेल्या प्रयोगापेक्षा सुमारे पाचपट नेमकं उत्तर काढलं. नियमभंग सापडला नाही.