गोंडोला (केबल कार) बंद असेल तर गेस्टला कसं सांगायचं

गुलमर्गला रिसॉर्ट सांभाळत असाल तर हे वाक्य जिभेवर येऊच देऊ नका, "सर थोड्या वेळात चालू होईल". अफरवट डोंगरावरच्या स्टेशनवर, म्हणजे जवळपास ३९०० मीटरवर, वारा सुटला की फेज टू, म्हणजे मधल्या कोंगडोरी स्टेशनपासून तिथवर जाणारा वरचा टप्पा, बंद ठेवतात आणि तो कधी थांबेल हे ना तुमच्या हातात ना गोंडोलावाल्यांच्या, पण तुम्ही "थोड्या वेळात" म्हणालात की पुण्याहून आलेलं कुटुंब बूट चढवून दोन तास लॉबीत बसतं आणि मग सगळा राग रिसेप्शनवरच्या पोरावर निघतो.

त्यापेक्षा सकाळी नाश्त्यालाच, बूट घालायच्या आधी, सरळ सांगा: "फेज टू आत्ता बंद आहे, कोंगडोरीपर्यंत चालू आहे, पुढची खबर मी १० वाजता इथेच देतो." आणि १० ला खरंच या हं, खबर नसली तरी या, तेवढंच सांगायला. तिकिटाचे पैसे परत मिळतील का हे आपल्या मनाने सांगू नका, तिकीट केबल कार कॉर्पोरेशनचं असतं, त्यांचा नियम काय तो दाखवा.

अजून एक, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं म्हणजे काम झालं असं नाही कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालतच नाही, त्यामुळे निम्म्या लोकांना तुमचा मेसेज वायफायमध्ये आल्यावरच दिसणार. डायनिंग हॉलच्या दाराशी एक पांढरा बोर्ड लावा, वर वेळ लिहा, आणि जुनं झालं की पुसा, कालचा बोर्ड आज दिसला तर लोक जास्त चिडतात.